मुलांचा फिलिपिनो विषय: पाठ्यपुस्तकाबाहेरचं साहित्य कसं निवडायचं, कसं वापरायचं

फिलिपिन्समध्ये आशियाई विकास बँकेत (एडीबीत) नोकरी घेऊन मांदालुयोंगला, संशोधनासाठी लोस बान्योसच्या तांदूळ संस्थेत किंवा एखाद्या कंपनीच्या बदलीवर मकातीला आलेल्या मराठी आईबाबांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: तूरडाळ कुठे मिळते आणि व्हिसाचं काय. शाळेची पहिली चाचणी घरी आली की तिसरा येतो, "फिलिपिनोचं काय करायचं?"

मूल आंतरराष्ट्रीय शाळेत असेल तर हा प्रश्न बहुधा पडत नाही. स्थानिक खासगी शाळेत सातवी ते दहावीत घातलं असेल तर पडतोच. गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण फिलिपिनो, म्हणजे तागालोगवर बेतलेली इथली राष्ट्रभाषा, हा स्वतंत्र विषय आहे, आणि आरालिंग पानलिपुनान, म्हणजे आपलं समाजशास्त्र, तेही बहुतेक शाळांत फिलिपिनोतूनच शिकवतात. म्हणजे भाषा कच्ची राहिली तर दोन विषय बुडतात.

आमच्या घरी थोरली आठवीत आणि धाकटा सातवीत या वाटेने गेले. शाळेचं पाठ्यपुस्तक चांगलंच असतं, पण ते लहानपणापासून ही भाषा ऐकलेल्या मुलासाठी लिहिलेलं असतं. आपल्या मुलाला त्या पुस्तकापर्यंत पोचायला मधल्या पायऱ्या लागतात. त्या कुठे मिळतात आणि कोणत्या क्रमाने चढायच्या, ते खाली लिहितो.

१. आधी शाळेत जाऊन विचारा

काहीही विकत घेण्याआधी फिलिपिनोच्या शिक्षिकेला भेटा. इथे शिक्षक पालकांना मोकळेपणाने भेटतात, फक्त आधी निरोप पाठवा. हे विचारा:

- परदेशी मुलांसाठी वेगळा, सोपा फिलिपिनोचा वर्ग आहे का? काही खासगी शाळांत असतो आणि न विचारता कोणी सांगत नाही.
- या सत्रात कोणते पाठ आणि कोणता व्याकरणाचा भाग आहे? लेखी यादी मागा.
- वर्ग नव्या अभ्यासक्रमावर आहे की जुन्या? माताताग नावाचा नवा अभ्यासक्रम सातवीला २०२४-२५ पासून आणि आठवीला २०२५-२६ पासून आला, नववी-दहावी त्यामागून. हे माहीत नसेल तर पुढे मॉड्युल (घरी शिकायची सरकारी अभ्यासपुस्तिका) उतरवताना चुकीच्या वर्षाचं घ्याल.
- मागे पडलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी केलेलं ‘सिम’ आहे का? हे कार्डांचं छोटं पुडकं असतं: एका कार्डावर काय शिकायचं ते, दुसऱ्यावर कृती, मग चाचणी, मग जादा सराव, शेवटी संदर्भ. एका पुडक्यात एकच अवघड मुद्दा असतो. बऱ्याच शिक्षकांच्या कपाटात अशी पुडकी पडून असतात.

गुणांची पद्धतही तेव्हाच समजून घ्या. शिक्षण खात्याच्या, म्हणजे डेपएडच्या, २०१५ च्या आठ क्रमांकाच्या आदेशानुसार भाषा विषयात लेखी कामाला ३० टक्के, सादरीकरणाला ५० टक्के आणि सत्र परीक्षेला २० टक्के वजन असतं. अनेक खासगी शाळा हेच धरतात, काही थोडं बदलतात. आपण आयुष्यभर पेपरची तयारी करून घेत आलो, आणि इथे पेपर वीस टक्क्यांचा!

त्याच आदेशातली दुसरी गोष्ट आपल्याला हमखास चकवते. मूळ गुण एका तक्त्यातून बदलून गुणपत्रिकेत येतात. मूळ ६० असतील तर गुणपत्रिकेत ७५ दिसतात, आणि ७५ ही पास होण्याची रेषा आहे. म्हणजे ७८ बघून "बरं चाललंय की" म्हणू नका, मूळ गुण पासष्टच्या आसपास असतात.

२. इयत्ता विसरा, पातळी बघा

फिलिपिनो रोमन लिपीत लिहितात आणि जसं लिहितात जवळजवळ तसंच वाचतात. मराठी मुलाला हे फार सोयीचं जातं. दोन-तीन आठवड्यांत ते पानच्या पान खडाखडा वाचतं आणि सगळे खूश होतात. आमची थोरली एक उतारा असाच सुरेख वाचत होती. मी विचारलं, काय झालं गोष्टीत? म्हणाली, "कोणीतरी कुठेतरी गेलं."

म्हणून वाचनाच्या वेगावर जाऊ नका. इथल्या शाळा फिल-आयआरआय नावाची वाचनचाचणी वापरतात. ती मुळात प्राथमिक वर्गांसाठी आहे, पण वाचनात अडखळणाऱ्या मोठ्या मुलांसाठीही तिचा उपयोग करतात. तिचे निकष घरी वापरायला सोपे आहेत. साधारण शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला लावा, चुकलेले शब्द मोजा, मग उताऱ्यावर सात-आठ प्रश्न विचारा. उत्तरं मराठीत दिली तरी चालतील, आपल्याला समज तपासायची आहे.

- शब्द ९७ टक्के किंवा जास्त बरोबर आणि आकलन ८० टक्के किंवा जास्त: मूल हा मजकूर स्वतः वाचू शकतं.
- शब्द ९० ते ९६, आकलन ५९ ते ७९: कोणी शेजारी बसलं तर जमेल. शिकण्यासाठी हाच मजकूर योग्य.
- त्याखाली: पुस्तक बंद करा, एक पायरी खाली या.

मराठी मुलांचं बहुतेक वेळा असं होतं की शब्द पहिल्या गटात आणि आकलन तिसऱ्या गटात. अशा वेळी आकलनाचा आकडा खरा धरा.

सातवीतल्या मुलाची पातळी दुसरी-तिसरीची निघाली तर दचकू नका. तसंच असणार, ते काल आलंय. त्या पातळीचं साहित्य आणायला लाजू नका, एवढंच.

३. काय काय जमवायचं

ढीग करू नका. माझ्या मते एवढं पुरतं:

- शाळेचं पाठ्यपुस्तक आणि सत्राची यादी.
- एक शब्दकोश. लिओ इंग्लिश यांचा तागालोग-इंग्रजी कोश जाडजूड आहे, पण प्रत्येक शब्दाला वाक्य देतो, म्हणून पालकांनाही उपयोगी. नववी-दहावीत फिलिपिनो-फिलिपिनो कोश लागतो. ‘यूपी दिक्सियोनारयो’ हा त्यातला मातब्बर, आणि भाषा आयोगाचा कोश ऑनलाइन फुकट बघता येतो.
- चार-पाच द्विभाषिक गोष्टींची पुस्तकं, वर फिलिपिनो आणि खाली इंग्रजी. अदार्ना हाउस १९८० पासून अशी पुस्तकं काढतंय. नॅशनल बुक स्टोअरच्या कुठल्याही शाखेत मुलांच्या फडताळात मिळतात.
- ‘लेट्स रीड’ हे एशिया फाउंडेशनचं मोफत डिजिटल वाचनालय. पातळीनुसार गोष्टी लावलेल्या आहेत, फोनवर उतरवून ठेवता येतात.
- डेपएडची मॉड्युलं (यांच्याबद्दल पुढे सविस्तर).
- दोन वह्या: एक सूचनांच्या शब्दांची, एक क्रियापदांची.

जुनी पाठ्यपुस्तकं स्वस्तात हवी असतील तर मनिलातला रेक्तो रस्ता गाठा. आपल्या अप्पा बळवंत चौकासारखी तिथे वापरलेल्या पुस्तकांची रांगच आहे. खालच्या इयत्तांची पुस्तकं तिथून घ्यावीत, चालू इयत्तेचं मात्र शाळा सांगेल त्याच आवृत्तीचं, कारण अभ्यासक्रम बदलतोय.

मोठ्या मुलाला चित्रांचं पुस्तक दिलं की तोंड वाकडं होतं. त्यावर उपाय असा की ‘आलामात’ निवडा, म्हणजे अमुक गोष्ट कशी जन्मली याच्या दंतकथा. अननसाला इतके डोळे का, ही पिनांग नावाच्या आळशी मुलीची गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ असते. सातवीच्या अभ्यासात लोककथा आणि दंतकथा असतातच, त्यामुळे पुस्तक "बाळांचं" वाटत नाही आणि वर्गातही उपयोगी पडतं.

४. सूचनांचे शब्द आधी

कुठलंही मॉड्युल उघडण्याआधी हे करा. आपली मुलं पहिल्या सत्रात जे गुण घालवतात त्यातले बरेच उत्तर येत नाही म्हणून जात नाहीत, प्रश्नात काय करायला सांगितलंय ते कळत नाही म्हणून जातात. हे शब्द रस्त्यावर किंवा मित्रांत कधी कानावर पडत नाहीत, ते फक्त कागदावर असतात:

पानुतो म्हणजे सूचना. इसुलात, लिही. बिलुगान, गोल कर. सालुंग्गुहितान, अधोरेखित कर. पुनान, रिकामी जागा भर. तुकुयिन, ओळख. इपालिवानाग, स्पष्ट कर. पागहांबिंगिन, तुलना कर. पांगुंगुसाप म्हणजे वाक्य, तालाता म्हणजे परिच्छेद, कासिंगकाहुलुगान समानार्थी, कासालुंगात विरुद्धार्थी.

मुलाच्या जुन्या चाचण्या काढा आणि त्यातून आणखी पंचवीसेक शब्द उचला. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, अशी कार्डं करा. हे एक आठवड्याचं काम आहे आणि याचा परिणाम पुढच्याच चाचणीत दिसतो.

५. मॉड्युलं: कोणती घ्यायची, कशी सोडवायची

महामारीत शाळा बंद होत्या तेव्हा डेपएडने प्रत्येक इयत्तेची, प्रत्येक विषयाची स्वयंअध्ययन मॉड्युलं काढली. मुलाने घरी, शिक्षकाशिवाय वाचून शिकावं म्हणून ती लिहिलेली आहेत, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. डेपएडच्या साहित्यपोर्टलवर आणि विभागीय कार्यालयांच्या संकेतस्थळांवर पीडीएफ मिळतात. सरकारी साहित्यावर इथे कॉपीराइट नसतो. विकून पैसे करायचे असतील तरच परवानगी लागते, घरी छापून सोडवायला काही अडचण नाही.

बहुतेक मॉड्युलांचा साचा एकच असतो. आलामिन (काय शिकणार), सुबुकिन (आधीची चाचणी), बालिकान (मागची उजळणी), तुक्लासिन (नवा मजकूर), सुरीइन (स्पष्टीकरण), पाग्यामानिन (सराव), इसाइसिप (लक्षात ठेवायचं), इसागावा (वापरून बघायचं), तायाहिन (शेवटची चाचणी), मग जादा काम, आणि अगदी शेवटी सुसी सा पाग्वावास्तो, म्हणजे उत्तरं.

पहिली गोष्ट, ते शेवटचं पान काढून स्वतःकडे ठेवा. मुलं फार प्रामाणिक असतात असं समजू नका.

मग क्रम थोडा बदला. सुबुकिन सोडवून घ्या. तीन चतुर्थांशपेक्षा जास्त बरोबर आलं तर थेट तायाहिनवर जा आणि मॉड्युल संपवा. सगळंच्या सगळं सोडवलंच पाहिजे असा हट्ट धरला की मूल पंधरा दिवसांत कंटाळतं. कमी आलं तर तुक्लासिनमधला मजकूर दोनदा: एकदा तुम्ही किंवा कोणी स्थानिक वाचून दाखवेल, एकदा मूल वाचेल. सुरीइनमध्ये व्याकरण येतं आणि ते बरेचदा क्लिष्ट असतं. तिथे अडलात तर पुढच्या मुद्द्यातली मराठीची मदत घ्या. पाग्यामानिनमधला सराव अर्धा पुरे. इसागावा मात्र सोडू नका. तिथे पत्र लिहा, संवाद लिहा, भाषण तयार करा असलं काही असतं, आणि शाळेतल्या त्या ५० टक्क्यांची तालीम तिथेच होते.

इयत्ता कोणती? दुसऱ्या मुद्द्यात निघाली ती. आठवीच्या मुलाला चौथीची मॉड्युलं द्यायला काहीच हरकत नाही, उलट चौथी-पाचवीतली भाषा पायाला फार चांगली. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा पातळी तपासून एक इयत्ता वर जा.

सावधगिरी दोन. ही मॉड्युलं घाईत निघाली होती आणि त्यातल्या चुकांची तेव्हा बातम्यांत बरीच चर्चा झाली. उत्तर विचित्र वाटलं तर मुलाला दोष देण्याआधी शिक्षिकेला विचारा. आणि चालू इयत्तेची जुनी मॉड्युलं नव्या अभ्यासक्रमाशी जुळतीलच असं नाही, पाठांचा क्रम वेगळा असतो. पाया भरायला ती वापरा, परीक्षेच्या तयारीला शाळेची यादी.

६. व्याकरणात मराठी कामाला येते

इंग्रजीतून फिलिपिनो शिकवणारी पुस्तकं आणि व्हिडिओ ढिगाने आहेत. पण काही गोष्टी इंग्रजीतून समजावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. मराठीतून त्या एका वाक्यात होतात.

‘कामी’ आणि ‘तायो’ घ्या. इंग्रजी पुस्तक यावर अर्धं पान खर्च करतं. मराठी मुलाला सांगा: कामी म्हणजे आम्ही, तायो म्हणजे आपण. झालं. आदराचा ‘पो’ तसाच. शिक्षिकेशी किंवा आजीच्या वयाच्या बाईंशी बोलताना ‘पो’ विसरलं तर तो उद्धटपणा वाटतो, आणि ज्या मुलाला अहो-जाहो कळतं त्याला हे सांगावं लागत नाही. आदरार्थी अनेकवचनही इथे आहे: एका माणसाला ‘कायो’.

सगळ्यात अवघड समजलं जाणारं प्रकरण क्रियापदाचं. ‘कुमाइन आंग बाता नांग मांग्गा’, मुलाने आंबा खाल्ला. ‘किनाइन नांग बाता आंग मांग्गा’, याचाही अर्थ मुलाने आंबा खाल्ला. फरक कुठे? पहिल्यात क्रियापद मुलाकडे बघतंय, दुसऱ्यात आंब्याकडे. मराठीत ‘मुलगा आंबा खातो’ म्हणताना क्रियापद मुलाप्रमाणे चालतं आणि ‘मुलाने पोळी खाल्ली’ म्हणताना पोळीप्रमाणे. आपल्याकडे हे काळावर ठरतं, इथे बोलणारा ठरवतो की भर कशावर द्यायचा, आणि ज्यावर भर त्याच्या आधी ‘आंग’ येतो. हुबेहूब जुळत नाही, पण मुलाला दार उघडून द्यायला पुरतं. धाकट्याला हे पोळीचं उदाहरण दिल्यावर तो दिवसभर घरातल्या सगळ्या वस्तूंना ‘आंग’ लावत फिरत होता.

क्रियापदांच्या वहीत एका पानावर एक धातू. ‘लुतो’, म्हणजे रांधणं: नागलुतो (रांधलं), नागलुलुतो (रांधतोय), मागलुलुतो (रांधणार). काम पुरं झालेलं नसलं की एक अक्षर दोनदा येतं, हे मुलाला स्वतः शोधू द्या. मग ‘बासा’: बुमासा, बुमाबासा, बाबासा. आठवड्याला पाच धातू, आणि प्रत्येकाचं घरातलं खरं वाक्य. "आई डाळ शिजवतेय" हे फिलिपिनोत लिहिलेलं मूल विसरत नाही.

लिहिताना दोन जागा हमखास चुकतात. ‘नांग’ हा उच्चार एक, पण स्पेलिंगं दोन, आखूड (ng) आणि लांब (nang). आखूड ‘नांग’ नामाआधी येतो, ‘चा-ची-चे’सारखा किंवा कर्त्या-कर्माला जोडून. लांब ‘नांग’ क्रिया कशी किंवा केव्हा झाली ते सांगताना. स्थानिक मुलंही यात चुकतात आणि शिक्षिका यावर टपून बसलेल्या असतात. दुसरी जागा ‘दिन’ की ‘रिन’ (म्हणजे ‘सुद्धा’), ‘दाव’ की ‘राव’ (म्हणजे ‘म्हणे’). आधीचा शब्द स्वराने किंवा ‘य’-‘व’ने संपला तर ‘र’, इतर व्यंजनाने संपला तर ‘द’. दहा वाक्यांत पाठ होतं.

७. कान तयार करणं

पुस्तकात आघात छापलेला नसतो. ‘बुकास’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर उद्या, शेवटावर जोर दिला तर उघडं. हे कानानेच येतं.

पण काय ऐकायचं? शाळेच्या व्हरांड्यात आणि यूट्यूबवर जे कानावर पडतं ते टागलिश, अर्धं तागालोग आणि अर्धं इंग्रजी. तिथे परीक्षेला सरळ ‘एक्झाम’ म्हणतात, पुस्तकात ‘पागसुसुलित’. टागलिश मूल मित्रांत आपोआप शिकतं, त्यासाठी तुम्ही वेळ घालवू नका. घरचा वेळ पुस्तकी भाषेला द्या.

संध्याकाळच्या बातम्यांतली पहिली दहा मिनिटं चांगली असतात. जीएमए वाहिनीचं ‘२४ ओरास’ लावा. एक बातमी ऐकायची, मग मुलाने दोन वाक्यांत सांगायची. डब केलेली कार्टून्सही उत्तम, कारण त्यांची भाषा मूळ फिलिपिनो मालिकांपेक्षा अधिक स्वच्छ असते. महामारीतले डेपएड टीव्हीचे तास यूट्यूबवर आहेत, पाठ शिकवताना शिक्षक सावकाश बोलतात.

फिलिपिनो भाषेतली टॅब्लॉइड वर्तमानपत्रं कोपऱ्यावर मिळतात, वाक्यं सोपी आणि छोटी. पण आधी स्वतः चाळा. खून-मारामाऱ्या आणि पुढच्या पानावर काय काय असतं ते सातवीच्या मुलापुढे ठेवण्यासारखं नसतं. मी कात्री वापरतो: हवामान, खेळ, एखादी छोटी मुलाखत.

घरी कामाला आते (म्हणजे ताई, इथे कामाच्या बाईंना असंच म्हणतात) असतील तर त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही. मात्र त्यांची मायबोली कुठली ते विचारा. विसाया बेटांतून आलेल्या असतील तर इलोंग्गो किंवा सेबुआनो असू शकते. आणि वाचून दाखवण्याचा अर्धा तास हा कामाच्या वेळेतला किंवा जादा पैशाचा असावा. हे गृहीत धरणं बरं नाही.

सेबू किंवा दावाओत राहत असाल तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. तिथे मूल बाहेर बिसाया, म्हणजे सेबुआनोच, ऐकतं, फिलिपिनो नाही. सगळे म्हणतील "पोरगं किती छान बोलतं", आणि पेपरात कोरडं.

८. चार मोठी पुस्तकं

वर्षानुवर्षांचा क्रम असा: सातवीला ‘इबोंग अदार्ना’, आठवीला कवी बालाग्तासचं ‘फ्लोरांते आत लाउरा’ (१८३८), नववीला इथला राष्ट्रपुरुष रिझालची ‘नोली मी तांगेरे’ (१८८७), दहावीला ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१). रिझालच्या दोन कादंबऱ्या शिकवणं १९५६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे सुटका नाही. वर्षाच्या कोणत्या भागात येतात ते शाळेला विचारा.

इथे पूरक साहित्याशिवाय निभावच लागत नाही. पहिली दोन काव्यं आहेत, आठ आणि बारा अक्षरी ओळींची, आणि शब्द असे की इथली मुलंही कोश उघडतात. म्हणून मुळापासून सुरू करू नका. आधी गोष्ट मराठीत सांगा. अदार्नाची तर आपल्या राक्षस-राजकन्येच्या पठडीतलीच आहे: राजा आजारी, तीन राजपुत्र, एक जादूचा पक्षी ज्याच्या गाण्याने राजा बरा होईल. पण गाणं ऐकताना डोळा लागला आणि पक्ष्याची विष्ठा अंगावर पडली की माणूस दगड. धाकटा राजपुत्र झोप येऊ नये म्हणून हात कापून त्यावर लिंबू पिळतो. मुलं हे विसरत नाहीत. मग कॉमिक किंवा संक्षिप्त गद्य आवृत्ती, मग वर्गात शिकवलेली तेवढीच कडवी मुळातून, मोठ्याने, ठेक्यात. सगळं काव्य वाचायची गरज नाही.

रिझालच्या कादंबऱ्या मुळात स्पॅनिश. शाळेत फिलिपिनो अनुवाद असतो, इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. प्रकरण आधी इंग्रजीत, मग फिलिपिनो सारांश, मग शाळेची प्रश्नपत्रिका. पात्रांचा तक्ता भिंतीवर लावा: कोण कोणाचा कोण, हा प्रश्न येतोच. २०२२-२३ मध्ये जीएमएवर आलेली ‘मारिया क्लारा आत इबार्रा’ ही मालिका आजच्या काळातल्या नर्सिंगच्या मुलीला कादंबरीत नेऊन सोडते. पात्रं डोळ्यापुढे उभी राहायला ती झकास आहे. पण त्यात पदरचं बरंच घातलंय, म्हणून प्रकरण वाचून झाल्यावरच बघू द्या, नाहीतर पेपरात मालिकेतला प्रसंग उतरतो.

९. सादरीकरणाची तालीम

ऑगस्ट हा इथे ‘बुवान नांग विका’, भाषेचा महिना. जूनमध्ये शाळेत गेलेलं मूल दोन महिन्यांत सामूहिक काव्यवाचन, भाषण, वेशभूषा, पोस्टर या सगळ्यात ओढलं जातं. टाळू नका, वर्गात मिसळायची याहून चांगली संधी वर्षभर येत नाही.

गटकाम मिळालं की मुलं परदेशी मुलाला "तू प्रॉप्स कर" म्हणून कडेला बसवतात, आणि आपलं मूलही हुश्श करतं. शिक्षिकेला सांगून दोन ओळी तरी बोलायची भूमिका मागून घ्या. त्या दोन ओळी गटातल्या एखाद्या मुलाकडून फोनवर रेकॉर्ड करून आणायच्या, घरी ऐकून म्हणायच्या, स्वतःचं रेकॉर्डिंग त्याशेजारी लावून बघायचं. ‘ङ’ने सुरू होणारे शब्द, म्हणजे ङायोन (आता), ङिती (स्मित), इथे जीभ अडखळते. ‘वाङ्मय’ म्हणायला लावा आणि मधला ‘ङ’ पकडून पुढे न्या.

भाषण लिहिताना भाषांतराच्या ॲपचा मोह होतो. ॲपचं फिलिपिनो कधी फार जड असतं, कधी इंग्रजी वाक्याचं कलेवर. शिक्षिकेच्या लगेच लक्षात येतं, कारण मुलाला त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ सांगता येत नाही. पाच साधी स्वतःची वाक्यं लिहू द्या आणि ती आतेंना किंवा मित्राला तपासायला द्या. ॲप एखादा शब्द शोधायला ठेवा.

१०. शिकवणी लावायची का?

पहिल्या सत्रानंतर ठरवा. लावायचीच तर नुसतं "फिलिपिनो बोलता येतं" एवढ्यावर कोणाला नेमू नका. फिलिपिनो हा मुख्य विषय घेऊन शिक्षक झालेला किंवा होत असलेला माणूस हवा. मनिलातलं फिलिपाइन नॉर्मल विद्यापीठ शिक्षक घडवणारी जुनी संस्था आहे, तिथले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी शिकवण्या घेतात का ते विचारून बघा. शिकवायला येणाऱ्याच्या हातात तुमची पातळीची नोंद आणि दोन्ही वह्या द्या, नाहीतर तो शाळेचा गृहपाठ करून देईल आणि जाईल.

रोज किती वेळ? अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एक दिवस मॉड्युल, एक दिवस क्रियापदं, एक दिवस बातमी, एक दिवस गोष्टीचं पुस्तक, एक दिवस शाळेत जे चाललंय ते. शनिवार-रविवार सुट्टी. दर सहा आठवड्यांनी दुसऱ्या मुद्द्यातली चाचणी नव्या उताऱ्यावर घ्या आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी शिक्षिकेला भेटायला जाताना ती नोंद बरोबर न्या. त्याही मग नेमकं सांगतात, आणि ‘सिम’चं पुडकं कपाटातून बाहेर येतं.